नळ बंद झाला की

एक्केचाळिसाव्या पानावर मार्गदर्शक बाईंनी पेन्सिलीनं अख्ख्या परिच्छेदाला वेढा घातला होता आणि वेढ्याबाहेर, समासात, लिहिलं होतं, 'हे कुठून आलं?' तिला आधी वाटलं, बाई चिडल्यात. त्यांची पेन्सिल तीन वर्षं तिच्या ओळखीची होती. चिडली की बारीक लिहायची, खूश झाली की काहीच लिहायची नाही. हे अक्षर मात्र मोठं होतं, घाईचं, रस्त्यात कुणाला मागून हाक मारावी तसं. 'बस ना,' बाई म्हणाल्या, पण खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीवर नेहमीसारखी प्रबंधांची चवड होती. ती उभीच राहिली आणि खांद्यावरची पिशवी न उतरवता पान वाचू लागली. पान तिच्याच प्रकरणातलं होतं, डोक्यावर तिचं नाव होतं, आधीचं चाळिसावं आणि नंतरचं बेचाळिसावं तिला जवळजवळ पाठ होतं. पण या परिच्छेदातला एक शब्दही आपण लिहिल्याचं तिला आठवत नव्हतं.

'तुझी नायिका चाळीस पानं खिडकीत उभी आहे,' बाई म्हणाल्या. 'पाय कसे दुखत नाहीत हिचे, असं मला वाटायला लागलं होतं. आणि इथे एकदम हा माणूस येतो. ना नाव, ना गाव, ना एक स्वल्पविराम. कोण आहे हा?'

'अजून... ठरलं नाहीये.'

'नकोच ठरवू. पण शुक्रवारी समितीपुढे हेच पान वाचायचं. आणि टिपण याच्यावरच लिही. कुठून आलं, एवढंच सांग. तेवढं सांगितलंस की सुटलीस.'

सुटलीस. जिना उतरताना तो शब्द तिच्या पायात येत राहिला. तिची पदवीच तशी होती: अर्धा प्रबंध म्हणजे कादंबरी आणि उरलेला अर्धा म्हणजे त्या कादंबरीचं टिपण. कुठलं पान कसं सुचलं, का तसंच लिहिलं, लिहिताना काय कळलं. लिहिणं हेच संशोधन, असं विभागाच्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच ओळीत होतं. पहिल्या वर्षी तिनं हे नवऱ्याला समजावून सांगितलं, तेव्हा चष्म्याच्या दुकानातून दमून आलेला तो मोजे काढता काढता म्हणाला होता, 'म्हणजे आधी गोष्ट करायची आणि मग ती का केली त्याचा खुलासा द्यायचा. शाळेत मला उशीर झाला की हेच करायला लावायचे.' तेव्हा ती खूप हसली होती. गेल्या खेपेला समितीनं मात्र हसण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. शेरा होता, 'अपुरं. लेखन नेटकं. जोखीम नाही.' सहा महिन्यांची मुदत. या शुक्रवारी पुन्हा 'अपुरं' आलं तर नोंदणी रद्द, आणि नऊ नंबरच्या खोलीतला तिचा कप्पा रिकामा करायचा. कप्प्यात होतं तरी काय? दोन वह्या, एक छत्री, पोरीचा एक मोजा. पण त्या कप्प्याची किल्ली तिच्या जुडग्यात घराच्या किल्लीशेजारी होती, आणि कधी कधी बसमध्ये ती नुसती किल्ली चाचपून बघायची. आपल्याला आणखी एक दार आहे, याची खात्री करून घ्यायची.

ग्रंथालयाच्या बाहेरच्या पायरीवर बसून तिनं पान पुन्हा वाचलं.

'नळ बंद झाला की येईल ती येते नेहमी आता गप्प गप्प बघू मी सांगतो काय ते दारं जाळीची होती दोन असायची एक आतलं एक बाहेरचं दोन्ही लागल्याशिवाय लिफ्ट हलायची नाही आलं का लक्षात आणि बाहेरून पाठवायची खुबी मला माहीत होती तीन दिवस डोळ्याला डोळा नव्हता आणि ते रडत होतं दूध घेत नव्हतं त्याची आई दवाखान्यात मग मी हत्यारांची पेटी रिकामी केली चादर घातली दुहेरी आणि ते त्यात ठेवलं आणि पेटी लिफ्टमध्ये ठेवली आणि दारं लावली आणि दिली पाठवून सात मजले दुपार होती कुणी नव्हतं मी पायरीवर बसलो रडणं वर वर गेलं तिसऱ्यापर्यंत कळत होतं पाचव्यानंतर चिलटासारखं आणि सातव्यावर काहीच नाही इतकं बरं वाटलं काय सांगू मग बोलावली खाली रडणं जवळ जवळ मग परत पाठवली आलं का लक्षात दहा वेळा मोजत होतो मी दहाव्या वेळी वर गेली आणि बोलावलीच नाही बसून राहिलो आलं का लक्षात आणि मग'

इथे परिच्छेद तुटला होता आणि पुढच्या ओळीपासून नायिका पुन्हा खिडकीत जाऊन उभी राहिली होती.

पोरगी झाल्यापासून ती तोंडानं लिहायची. एक हात कायम पोरीखाली अडकलेला, मग लिहिणार कशानं? फोनमध्ये बोललेलं टंकलं जायची सोय होती. पोरगी अंगावर पीत असताना, दुपारी थोपटताना, दुपट्यांच्या घड्या करताना ती फोन उशीवर ठेवायची आणि कुजबुजल्यासारखं बोलत राहायची. स्वल्पविरामाबिरामाच्या भानगडीत न पडता फोन ते टिपत राहायचा आणि थकला की आपसूक थांबायचा. आठवड्यातून एकदा ग्रंथालयात मिळालेल्या तासाभरात ते सगळं एकत्र करून ती त्याला माणसात आणायची. या महिन्यात पोरीचे दात आणि समितीची तारीख एकदमच आली. तीन आठवड्यांचं बोललेलं तिनं न वाचताच प्रकरणात ओतलं आणि बाईंना पाठवून दिलं. म्हणजे हे आपणच बोललो असू? डोळा लागता लागता, झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या चिकट पट्ट्यात? लिफ्ट तिथेच कुठून तरी आली असेल. घरात नाना होते ना. नाना म्हणजे तिचे सासरे, चौतीस वर्षं लिफ्टदुरुस्ती केलेले. सासूबाई गेल्यावर वर्षापूर्वी राहायला आले आणि आल्या दिवसापासून इमारतीच्या लिफ्टकडे पाठ फिरवून चौथ्या मजल्यापर्यंत जिन्यानं चढ-उतर करणारे. 'चौतीस वर्षं तिच्यातच होतो,' ते म्हणायचे, 'आता पायांना जरा काम मिळू दे.' लिफ्टवाला घरात असल्यावर स्वप्नातसुद्धा लिफ्टच येणार. असं ती स्वतःला सांगत होती. कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं, अशी काहीतरी गत होती ती. वर्गात कुणाच्या कथेबद्दल म्हणायला हे वाक्य छान होतं, स्वतःबद्दल म्हणायला नव्हतं.

कारण नळ तिचा होता. बाकी पान कुणाचंही असो, नळ तिचा होता.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याला नाही, पोरीच्या डॉक्टरला नाही, कादंबरीतल्या त्या शहाण्या बाईला तर नाहीच. पोरगी रडायची आणि सगळं करून झालेलं असायचं: पाजून, फिरवून, गाणं म्हणून, पोट चोळून. आणि तरी ते रडणं भिंतीत ड्रिल चालल्यासारखं डोक्यात फिरत राहायचं. मग ती पोरीला पलंगाच्या मधोमध ठेवायची, दोन्ही बाजूंना उशा रचायची, न्हाणीघरात जाऊन दार लावायची आणि नळ पूर्ण सोडायची. धबधब्यासारखा. बेसिनच्या कडा धरून उभी राहायची, आरशात न बघता. पाच मिनिटं. कधी सात. पाण्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू यायचं नाही, आणि ते किती बरं वाटायचं हे तिला कुणालाही सांगता आलं नसतं. इतकं बरं वाटलं काय सांगू. मग नळ बंद करायची आणि पळत बाहेर यायची. बहुतेक वेळा पोरगी तोवर गप्प झालेली असायची, नाना तिला खांद्यावर घेऊन येरझारा घालत असायचे. ते काही विचारायचे नाहीत. ती ओल्या हातांनी पोरीला घ्यायची, आणि ओले हात हाच जणू सगळ्याचा खुलासा असायचा.

पहिल्या सत्रात शिकवलं होतं: लिहिणाऱ्याला बाजूला सारा, संहितेला बोलू द्या. तिनं वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. आता संहिता बोलत होती आणि तिनं पान घाईघाईनं पिशवीत कोंबलं.

बुधवारी गटाची बैठक होती. गट म्हणजे चारच जण: बाई, ती, तळटीप आणि परिचारिका. तळटीप हा तिच्या बरोबरीचा संशोधक. मूळ वाक्यापेक्षा खालची पुरवणी मोठी, असं बोलायचा, म्हणून हे नाव. त्यालाही ते मनापासून आवडायचं. परिचारिका खरोखरच निवृत्त परिचारिका होत्या. तीस वर्षांच्या पाळ्या उरकून आता आठवणी लिहीत होत्या आणि सिद्धांताच्या तासाला विणकाम करायच्या. तिनं पान वाचून दाखवलं. वाचताना मधेच अंगात दूध सरकलं, पोरगी तिकडे घरी उठली असणार, आणि तिनं वही छातीशी धरली.

'मला सगळ्यात काय आवडलं सांगू?' तळटीप म्हणाला. 'ते आलं का लक्षात. तीनदा येतं. वरवर वाचकाला विचारल्यासारखं, पण वाचकाला नाहीच ते. म्हणजे एका पातळीवर आहे, पण दुसऱ्या पातळीवर संहिता स्वतःलाच विचारतेय. मला स्वतःला कळलंय का, असं.'

'तिसरी पातळी राहिली,' परिचारिका विणता विणता म्हणाल्या.

'आणि तोडलंय कुठे बघा,' बाई म्हणाल्या. 'आणि मग. बस. त्यापुढे एक शब्द लिहिलास तर याद राख.'

'पण पुढे झालं काय?' परिचारिकांनी सुया थांबवल्या. 'ते मूल जगलं का?'

तळटीप हसला. बाईसुद्धा हसल्या, मायेनं. 'अहो, मूल असं कुठे आहे? शब्द आहेत.'

'असतील. पण पेटीत ठेवलंय ना त्याला कुणीतरी? वर नेऊन सोडलंय. मला आता रात्री झोप यायची नाही.' आणि त्या तिच्याकडे वळल्या. 'तुला तरी माहीत असेल की गं. तूच लिहिलंयस ना?'

'नाही,' ती म्हणाली. नाही माहीत म्हणून नाही की नाही लिहिलं म्हणून नाही, हे तिचं तिलाही कळलं नाही. बाईंनी मान हलवली आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. तिचं ते 'नाही'सुद्धा बहुधा छान असावं.

घरी परतताना तिला सारखं वाटत होतं की आपण कुणाचा तरी कोट अंगात घालून निघालो आहोत, खिशात हात घातला तर दुसऱ्याच्याच किल्ल्या लागतील. इमारतीत आल्यावर तिनं लिफ्टचं बटण दाबलं. मग लिफ्ट यायची वाट न बघता जिन्यानंच चढायला लागली. का, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चौथ्या मजल्यावर दार नुसतं लोटलेलं होतं. चपला काढण्यासाठी ती वाकली आणि आतून आवाज आला. तिच्याशी तीन शब्दांपलीकडे न बोलणारे नाना आत सावकाश, न थांबता बोलत होते, एखाद्या नव्या कारागिराला काम शिकवावं तसे. 'हा चमचा. ही त्याची दांडी. दांडी तोंडात घालायची नाही. केळं ह्या बाजूला असतं. आलं का लक्षात?' पोरीनं चमचा आपटला. 'नाही आलं. बरं. परत सांगतो.'

ती चप्पल हातात धरून तशीच वाकून राहिली. चौतीस वर्षांत किती शिकाऊ पोरांना हे असंच सांगितलं असेल त्यांनी. मग सगळं एकामागून एक जागेवर बसत गेलं. ती नको असताना, थांब थांब म्हणत असताना बसत गेलं: पलंगावरचा फोन, चालू राहिलेला. न्हाणीघरातला नळ. खोलीत आलेले नाना. पोरीला उचलून, तिची आई परत येईपर्यंत तिला गप्प करायला सांगितलेली गोष्ट. आणि पेटीतलं ते 'ते'. सासूबाईंना एकच मूल झालं. त्या पेटीत तिचा नवरा होता. अजूनही बोळातला दिवा लागल्याशिवाय ज्याला झोप येत नाही आणि ज्याला ती त्यावरून चिडवते, तो.

रात्रभर... नाही, रात्रीचं तिला नंतर काही आठवलं नाही. पोरगी दोनदा उठली एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी झोपल्यावर ती बाहेरच्या खोलीत आली. नाना टेबलावर दिव्याचा प्लग उघडून बसले होते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचं प्रकरण. दोन विचार तिच्या डोक्यात आळीपाळीनं वर-खाली होत होते. पान काढून टाकलं तर प्रकरणात उरते खिडकीत उभी असलेली बाई, आणि समितीचं 'अपुरं'. पान ठेवलं आणि 'सुचलं' म्हणून सांगितलं तर कुणाला कधी कळणार नाही. आणि कळणार नाही हेच तिला सोसत नव्हतं. आणि खरं सांगितलं तर? प्रबंध ग्रंथालयात लागतो. नवरा तो पहिल्या पानापासून वाचणार. बिचारा माहितीपत्रकसुद्धा कौतुकानं दोनदा वाचणारा माणूस.

'नाना, एक वाचून दाखवू?'

'कादंबरी?'

'त्यातलंच. एक पान.'

'मला कळेल का ते? मागे तू त्या पदवीचे नियम वाचून दाखवलेस तेव्हा डुलकी लागली होती मला.'

'हे कळेल.'

तिनं वाचलं. 'नळ बंद झाला की' या शब्दांवर नानांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. त्यानंतर ती त्यांच्याकडे बघू शकली नाही. शेवटच्या 'आणि मग'नंतर तिनं पान टेबलावर ठेवलं.

'फोन चालू राहिला होता,' ती म्हणाली. 'पलंगावर. मुद्दाम नाही हो. मला आधी वाटलं, मीच बोलले.'

'तू कशी बोलशील? लिफ्टमधलं काय कळतंय तुला.' ते प्लगच्या उघड्या तारांकडे बघत होते. 'छापलं का हे?'

'नाही. उद्या वाचायचंय समितीपुढे. नाही वाचलं तर बहुतेक माझं तिथलं संपलं.'

'आणि वाचलंस तर?'

'विचारतील, कुठून आलं.'

'मग सांगायचं, सुचलं. सुचतं ना तुम्हा लोकांना?'

'सुचलं नाही ना, नाना.'

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, 'म्हणजे नळाचंही सांगावं लागणार तुला.'

तिनं वर बघितलं. 'तुम्हाला... कधीपासून?'

'चौथा महिना असेल तिचा. नळ सुटला की मी पेपर खाली ठेवतो. ठरलेलंच आहे ते.' आणि थोडं थांबून, 'नळ काय आणि लिफ्ट काय, पोरी. तुझं पाणी तेवढं वाया जातं.'

ती हसली आणि हसता हसता तिला हुंदका आला, तो तिनं ओढणीत दाबला. पोरगी उठेल म्हणून. नानांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. मग तिनं परिचारिकांचा प्रश्न विचारला, तसाच्या तसा, कारण आता तो सोडून दुसरा प्रश्न तिला ऐकूच येत नव्हता. 'पुढे काय झालं?'

'पुढे काय. सातव्यावरून तसंही ऐकू यायचं नाही. पण मला वाटलं, आता ते रडणंच बंद झालंय. रडत होता तोवर ठीक होतं. बटणावर हात जाईना. म्हटलं, खाली बोलावली आणि दार उघडलं आणि...' त्यांनी हातानं वाक्य पुसून टाकलं. 'पळत वर गेलो. जिन्यानं. लिफ्टवाला माणूस, जिन्यानं.'

'आणि?'

'आणि काय. आहे की तो. चष्मे विकतोय.' नाना किंचित हसले. 'जागा होता. लिफ्टच्या छताला दिवा असतो ना, त्याच्याकडे टक लावून बघत होता. मला बघितलं आणि हसला. तेच ते. रडला असता तर मी विसरलो असतो. हसला.'

'सासूबाईंना कधी...?'

'नाही. ती दवाखान्यातून आली, पोराला उचललं, म्हणाली, वजन वाढलंय, छान सांभाळलंत. त्यानंतर कसं सांगणार?'

आतल्या खोलीत पोरगी कुशीवर वळली. दोघांनीही कान दिला. वळली, झोपली. मग ती म्हणाली, 'मी काढून टाकते ते पान,' आणि म्हणताना तिला ते अगदी खरं वाटलं, जुडग्यातली ती किल्ली निघून गेल्यासारखं हलकं आणि उघडंबोडकं वाटलं. दुसरं काही करता येतं असं तिला वाटेचना. तीन वर्षं जोखीम जोखीम म्हणून जे शोधत होतो, ते घरातच प्लग दुरुस्त करत बसलं होतं, आणि ते तिचं नव्हतं. की होतं? नळापर्यंत तिचं, लिफ्टपासून त्यांचं? जोड कुठे होता, तिला दिसेना.

'काढू नकोस,' नाना म्हणाले. 'सहा मजले कर फक्त. सात मजल्यांची तिथे एकच बिल्डिंग होती, ओळखतील लोक.'

'नाना...'

'थांब. एक आहे. त्याला ते तुझ्या पुस्तकातून कळायला नको. तुझ्या लोकांना उद्या कळणार ना? मग त्याला आज.' त्यांनी स्क्रू उचलला, प्लगमध्ये बसवला आणि आवळू लागले. गोष्ट संपली.

नवरा सहाच्या सुमारास आला. दारातच पोरीनं त्याचा चष्मा ओढला, त्यानं नेहमीसारखी 'चोर चोर' म्हणून बोंब मारली. नाना चपला घालून तयार होते.

'चल जरा.'

'आत्ता? आत्ताच तर आलोय, नाना. कुठे?'

'खाली.'

'काही आणायचंय का?'

'नाही.'

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. तिनं पोरीला आपल्याकडे घेतलं, म्हणजे काही बोलावं लागलं नाही. दार उघडंच होतं. नाना जिन्याकडे न जाता लिफ्टपाशी गेले आणि त्यांनी बटण दाबलं. 'अरे वा,' नवरा म्हणाला, 'आज सूर्य कुठे उगवला?' लिफ्ट आली. नाना आधी आत गेले, कोपऱ्यात उभे राहिले, लेकासाठी जागा सोडून. दार मिटलं. दाराच्या अरुंद काचेतून आतला उजेड क्षणभर दिसला आणि खाली घसरला.

ती पोरीला मांडीवर घेऊन टेबलाशी बसली. समोर टिपणाचा कोरा कागद. आज हातानंच लिहायचं, असं तिनं ठरवलं होतं. फोन आतल्या खोलीत, बंद. 'हे कुठून आलं?' हे तिनं वर लिहून ठेवलं होतं. त्याखाली तिनं लिहिलं, 'मी नळ सोडला होता.' मग पेन थांबलं. लिफ्ट तळाला पोचल्याचा बारीक धक्का जाणवला. दार उघडल्याचा आवाज काही आला नाही. थोड्या वेळानं ती पुन्हा वर यायला लागली, काचेत उजेड चढला आणि न थांबता वर निघून गेला, पाचव्याकडे, सहाव्याकडे. पोरीनं मान वर करून त्या गुणगुणीचा माग घेतला. ती लिहू लागली: 'त्या वेळी घरात जे बोललं गेलं ते मी ऐकलं नव्हतं, तरी ते माझ्या प्रकरणात आलं आहे. यातलं माझं कोणतं आणि माझं नाही ते कोणतं, हे मला सांगता येत नाही.' वाचून बघितलं. हे संशोधन होतं की नुसती कबुली? समितीला हे पुरेल? तिला खरंच माहीत नव्हतं. आणि आज पहिल्यांदा ते माहीत नसणं तिनं नेटकं केलं नाही, तसंच राहू दिलं. उजेड खाली गेला. परत वर आला. ती मोजत नव्हती. मोजायचं नाही, हे तिनं मुद्दाम ठरवलं होतं. एकदा वरून जाताना आतून आवाज ऐकू आल्यासारखा वाटला, हसण्याचा की कसला, भिंतीआडून काही कळेना. मग बराच वेळ लिफ्ट वरच थांबली. तिच्या हातातलं पेन कधी खाली पडलं तिला कळलं नाही. पोरीची बोटं तिच्या अंगठ्याभोवती घट्ट होती, केळ्यानं चिकट.

मग गुणगुण सुरू झाली. सहावा, पाचवा. काचेत उजेड उतरला आणि चौथ्या मजल्यावर येऊन उभा राहिला. दार उघडलं नाही. आत दोघं होते, दिवा होता, आणि दार मिटलेलं होतं. ती उठून बटण दाबू शकली असती. तिनं पोरीला पोटाशी धरलं.

'येतील हं,' ती तिच्या केसांत म्हणाली. 'आता येतील.'